नस्तीच्या वाटा, तपासणीचे आकडे

ठाण्याच्या उत्तर अंगाला, उल्हासच्या खाडीकाठी कोलशेत आहे. मूळ वस्ती आगरी-कोळ्यांची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे सँडोझ, बायर यांसारख्या परदेशी रसायन कंपन्यांचे कारखाने चालले, वायुदलाचा तळ आला आणि कोलशेत रोडला कारखान्यांच्या पाळ्यांचं वेळापत्रक लागलं. १९९५ मध्ये सँडोझचा रसायनांचा व्यवसाय वेगळा होऊन क्लॅरियंट ही कंपनी झाली. पुढे कारखाने हलले, जमिनी विकल्या गेल्या आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्याच आवारांत निवासी टॉवर उभे राहिले.

टॉवर आधी कागदावर उभा राहतो. जमिनीचा औद्योगिक वापर निवासी करून घेणं, आराखड्याची छाननी, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, विकास शुल्क, सीसी म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, जोत्याची तपासणी आणि सरतेशेवटी ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. एकेका इमारतीची नस्ती अशी टेबलामागून टेबल ओलांडत जाते. आता यातली बरीचशी टेबलं संगणकाच्या पडद्यावर आली आहेत. अर्ज ऑनलाइन येतो, कोणाकडे जायचं ते प्रणाली ठरवते, अपुरा असेल तर परत पाठवते, मुदत टळली तर वरच्या अधिकाऱ्याला कळवते.

अशी प्रणाली लोकांच्या हाती देण्याआधी तिच्या किती वाटा कोणी चालून पाहिल्या, हा प्रश्न आयटी कंपन्यांत रोज विचारला जातो. त्याच्या उत्तराला टेस्ट कव्हरेज म्हणतात आणि ते टक्क्यांत देतात. प्रश्न मात्र संगणकाहून जुना आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या कचेऱ्यांत तो निरनिराळ्या रूपांत विचारला गेला, आणि प्रत्येक वेळी उत्तराचा आकडा कशावर मोजला, यावर माणसांची घरं-दारं ठरत गेली.

मराठेशाहीतल्या कचेरीपासून ही गोष्ट सांगता येते. कल्याण-भिवंडीचा प्रांत पेशव्यांच्या हिशेबात होता आणि पुण्याच्या हुजूर दफ्तरात त्याचे कागद जात-येत. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस असे दरकदार आपापल्या वाट्याचं काम बघत आणि महत्त्वाचा कागद एकाच हातून पुरा होऊ देत नसत. मसुदा एकाने करायचा, तो दुसऱ्याने पाहायचा, शिक्का तिसऱ्याने उमटवायचा. मोडीतल्या जुन्या पत्रांवर मजकुराशिवाय आणखी खुणा दिसतात. ‘रुजू’ म्हणजे ताडून पाहिलं. ‘बार’ म्हणजे नोंदवहीत चढलं. मजकुराच्या शेवटी मोर्तब, म्हणजे इथे मजकूर संपला, पुढे कोणी काही घुसडू नये. या खुणांवरून कागद कोणत्या टप्प्यांतून गेला ते आज अडीचशे वर्षांनीही सांगता येतं. जो टप्पा चुकला, त्याची खूण नसते. एका कागदापुरता हा प्रवासाचा पक्का पुरावा आहे. पण सगळ्या कागदांपैकी किती कागद सगळ्या टप्प्यांतून गेले, हे मोजण्याची सोय त्यात नाही.

ती सोय इंग्रजी अमदानीतल्या महसूल खात्याने केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मुंबई इलाख्यात एफ. जी. एच. अँडरसन नावाचे आयसीएस अधिकारी होते. गावच्या हिशेबाचे नमुने त्यांनी नीट बसवले; सातबारा ज्या मालिकेतला, ते गाव नमुने आजही त्यांच्या मॅन्युअलशी जोडले जातात. सहा गठ्ठा पद्धतीचं श्रेयही महसूल खात्यातली मंडळी त्यांनाच देतात. कारकुनाच्या टेबलावरचे सगळे कागद सहाच गठ्ठ्यांत असले पाहिजेत: ज्यावर आज कारवाई करायची ते, ज्यात कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहायची ते, ठरावीक मुदतीने पाठवायची नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची निकाली प्रकरणं आणि मुदत संपल्यावर नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद.

सातवा गठ्ठा नाही, ही या पद्धतीची ताकद. कागद कुठेतरी आहे आणि कुठेच नाही, अशी अवस्था तिला मान्य नाही. जोडीला कार्यविवरण नोंदवही. दर आठवड्याला तिच्यातून गोषवारा काढायचा: आरंभीची शिल्लक, आवक, निकाली, अखेरची शिल्लक. आरंभ अधिक आवक वजा निकाली बरोबर अखेर, हे समीकरण जुळलं नाही तर एखादा कागद वाटेत हरवला आहे. वर्षातून दफ्तर तपासणीला वरचा अधिकारी येई, काही गठ्ठे सोडवी, काही नस्त्या पहिल्या पानापासून शेवटच्या शेऱ्यापर्यंत वाची आणि तपासणी टिपणी लिहून जाई. टिपणीतल्या प्रत्येक मुद्द्याचं अनुपालन कारकुनाने करायचं.

ही तपासणी अर्थातच नमुन्याची होती. हजार नस्त्यांतल्या पन्नास बघायच्या, तर त्या कोणत्या? अनुभवी अव्वल कारकुनाला ठाऊक असे की निकाली निघालेल्या नस्त्या छान दिसतात, घोळ प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात असतो. ज्या प्रकरणात स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं गेली आहेत, जे अर्ज ‘त्रुटी पूर्ततेसाठी परत’ या शेऱ्यानंतर दिसेनासे झाले आहेत, तिथे बघायचं. किती नस्त्या पाहिल्या याच्याइतकंच कोणत्या वाटेवरच्या पाहिल्या याला महत्त्व असतं, ही जाण या कचेऱ्यांनी संगणक येण्याच्या पुष्कळ आधी कमावली होती.

स्वातंत्र्यानंतर कामं वाढली, गठ्ठे वाढले, शिस्त सैल झाली. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयाची मांडणी, अभिलेखांचं वर्गीकरण आणि कामाची वाटणी नव्याने बसवली. लखीना पॅटर्न म्हणून तो राज्यभर गाजला. त्याच काळात ठाणे जिल्ह्याचं शहरीकरण उसळी घेत होतं. ठाण्याची नगरपालिका १८६३ ची. १ ऑक्टोबर १९८२ ला तिची महानगरपालिका झाली. बरोबर वर्षाने, १ ऑक्टोबर १९८३ ला, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका अस्तित्वात आली. मुंबईत जागा न परवडणारा नोकरदार मराठी मध्यमवर्ग लोकलच्या आधाराने डोंबिवलीत आणि कल्याणात घर घेत होता. त्यामुळे पालिकेच्या सगळ्या खात्यांत नगररचना खात्याच्या नस्तीला वेगळंच वजन आलं.

या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत कल्याण-डोंबिवली महापालिकेने कारभार संगणकावर आणला. एबीएम नॉलेजवेअर या मुंबईच्या कंपनीने प्रणाली बनवली. नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीत अर्ज द्यायचा, पावती घ्यायची, आणि पुढचा प्रवास आतल्या आत. जन्म-मृत्यू दाखला, मालमत्ता कर, पाणीपट्टी, परवाने असे विभाग एकमेकांना जोडले गेले. राज्यातल्या इतर पालिकांनी हा नमुना उचलावा म्हणून शासनाने पुढे प्रयत्न केले. डोंबिवलीकराला याचं अप्रूप असण्याचं कारण साधं होतं. पूर्वी दाखल्यासाठी कोणत्या टेबलाशी उभं राहायचं हेच कळत नसे. आता टोकन क्रमांक सांगितला की कागद कुठे आहे ते कळू लागलं.

आराखड्यांच्या छाननीतही असाच बदल आला. पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीचं ऑटो-डीसीआर हे सॉफ्टवेअर आर्किटेक्टने दिलेला नकाशा वाचून सामासिक अंतरं, चटई क्षेत्र, जिन्याची रुंदी नियमांशी ताडून बघतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दोन्ही तिच्याखाली आली. नियम बदलले की सॉफ्टवेअर बदलतं, आणि सॉफ्टवेअर बदललं की कालपर्यंत नीट चालणाऱ्या वाटाही पुन्हा तपासाव्या लागतात. टेस्टिंगच्या धंद्यात याला रिग्रेशन म्हणतात. ठाण्याहून ऐरोलीला किंवा पोखरण रोडवरच्या टीसीएसच्या यंत्र पार्कमध्ये जाणाऱ्या किती तरी मुला-मुलींचा दिवस याच कामात जातो.

मोजमापाचं शास्त्र मात्र दुसरीकडे घडत होतं. १९६२ मध्ये जर्मनीत कार्ल ॲडम पेट्री यांनी आपला प्रबंध सादर केला. एकाच वेळी अनेक ठिकाणी चालणारी कामं एकमेकांची वाट कशी पाहतात, हे गोल आणि चौकोन यांच्या जाळ्यातून मांडायची रीत त्यातून पुढे आली. अग्निशमनाचा दाखला आणि पर्यावरणाचा दाखला दोन्ही आल्याशिवाय पुढे जाता येत नाही, ही गोष्ट पेट्रीच्या जाळ्यात नेमकी काढता येते. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, जोन मिलर आणि क्लिफर्ड मलोनी यांनी संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या चुका पद्धतशीरपणे शोधण्याबद्दल लेख लिहिला. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक फाट्यावरून एकदा तरी गेलं पाहिजे, हा विचार छापील स्वरूपात मांडणाऱ्या पहिल्या लेखांत त्याची गणना होते. कव्हरेजचा उगम तिथे सांगतात.

हे मोजमाप कसं चालतं, ते बांधकाम परवान्याच्या लहानशा नमुन्यावर पाहता येईल. सहा टप्पे धरू: अर्ज, छाननी, स्थळपाहणी, शुल्क, मंजुरी, आणि त्रुटी निघाली तर अर्जदाराकडे परत. छाननी, स्थळपाहणी आणि शुल्क या तिन्ही ठिकाणी दोन-दोन फाटे: सगळं ठीक असेल तर पुढे, नसेल तर परत. परत गेलेला अर्ज दुरुस्त होऊन पुन्हा छाननीला येतो. असे एकंदर आठ बाण होतात.

टेस्टरने एक निर्दोष अर्ज भरला. तो सरळ मंजुरीपर्यंत गेला. सहापैकी पाच टप्पे झाले, आठपैकी चार बाण झाले. बाणांचं कव्हरेज पन्नास टक्के.

मग त्याने दुसरा अर्ज मुद्दाम अपुरा भरला. छाननीने तो परत पाठवला, दुरुस्तीनंतर तो मंजूर झाला. आता सहाच्या सहा टप्पे झाले. अहवालात ‘टप्प्यांचं कव्हरेज शंभर टक्के’ असं खरंखुरं लिहिता येईल. पण बाण मोजले तर आठपैकी सहाच झाले. जागेवर जाऊन पाहिलं आणि नकाशाशी जुळलं नाही, हा बाण कोणी चालून पाहिलेला नाही. शुल्क भरलंच नाही, हाही नाही. शहराच्या दृष्टीने नेमके हेच दोन बाण सगळ्यांत महागाचे.

आणखी पुढे गेलं की तिसरी मोजणी येते, संपूर्ण वाटांची. एकामागून एक स्वतंत्र असे दहा हो-नाही फाटे असतील तर वाटा होतात एक हजार चोवीस. त्यात परत येण्याचं वळण असेल, तर एकच अर्ज कितीही वेळा परत जाऊ शकतो आणि वाटांना अंतच राहत नाही. म्हणून शहाणे टेस्टर सगळ्या वाटांचा हट्ट धरत नाहीत. वळण शून्य वेळा, एकदा आणि अनेकदा अशा तीन तऱ्हांनी चालून बघतात, आणि कोणत्या वाटा सोडल्या ते लिहून ठेवतात.

व्यवसायाची प्रक्रिया चित्रात काढायची आणि तेच चित्र संगणकाने चालवायचं, ही कल्पना २००० नंतर जोरात आली. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि बीईए यांनी २००२ मध्ये बीपेल ही भाषा पुढे आणली. २००७ मध्ये तिची मानक आवृत्ती निघाली. ही भाषा वापरणाऱ्यांपुढे लगेच अडचण उभी राहिली. नेहमीच्या प्रोग्रॅमच्या ओळी मोजणारी साधनं इथे कामाची नव्हती. प्रक्रियेत एक टप्पा म्हणजे कधी दुसऱ्या खात्याला पाठवलेला निरोप, कधी तीन दिवस वाट पाहणं, कधी झालेलं काम उलटवणं. जर्मनीतल्या हॅनोव्हर विद्यापीठात बीपेल-युनिट हे तपासणीचं साधन तयार झालं, आणि २००९ मध्ये डॅनियल ल्यूब्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रक्रियांचं कव्हरेज मोजायची रीत प्रसिद्ध केली. रीत सोपी: प्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्यात आणि दुव्यात खुणेची नोंद घालायची, टेस्ट चालवायच्या, आणि कोणत्या खुणा उमटल्या ते मोजायचं. मोडी पत्रावरचा ‘रुजू’ कागदाबरोबर पुढे सरके. इथे खूण न उमटलेल्या जागांचीही यादी हाती येते.

पुढे बीपीएमएन या चित्रभाषेने बीपेलची जागा घेतली. तिची दुसरी आवृत्ती जानेवारी २०११ ची. आजच्या साधनांत टेस्ट संपल्या की प्रक्रियेचं चित्र रंगून समोर येतं: ज्या चौकोनांतून, बाणांतून टेस्ट गेली ते रंगीत, बाकीचे कोरे, आणि बाजूला टक्केवारी. आकडेवारी न समजणाऱ्या पालिका अधिकाऱ्यालाही कोरा राहिलेला बाण दिसतो आणि तो विचारू शकतो की नामंजुरीची ही वाट कोणी का पाहिली नाही. कव्हरेजचा लोकशाहीतला खरा उपयोग हा आहे. टक्केवारीने ठेकेदाराचं बिल निघतं. कोऱ्या बाणांवरून प्रश्न विचारता येतात.

परवान्याच्या प्रक्रियेत एक वाट अशी आहे की तिच्यावर कोणीच काही करत नाही, आणि तरी निर्णय होतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ नुसार नियोजन प्राधिकरणाने साठ दिवसांत अर्जावरचा निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचं मानलं जातं. रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्यात प्रकल्पाच्या नोंदणीला तीस दिवस आहेत; तेवढ्यात प्राधिकरणाने मंजूर-नामंजूर काहीच केलं नाही तर प्रकल्प नोंदला गेल्याचं मानलं जातं. राज्याच्या लोकसेवा हक्क कायद्याने २०१५ पासून दाखल्यांना मुदती लावल्या. मुदत टळली की अपील, आणि दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड.

टेस्टिंगमध्ये या मौनाच्या वाटा हमखास सुटतात, कारण त्या तपासायला साठ दिवस कोण थांबणार? त्यासाठी प्रणालीचं घड्याळ कृत्रिमपणे पुढे सरकवावं लागतं, सुट्ट्यांचे दिवस धरले की नाही ते बघावं लागतं, अर्ज मध्ये परत गेला असेल तर मुदत कुठून मोजायची ते कायदा जाणणाऱ्या माणसाला विचारावं लागतं. इथे टेस्टरचं काम वकिलाच्या कामाला जाऊन भिडतं. ही वाट न तपासता प्रणाली सुरू झाली, तर साठाव्या दिवसानंतर ती काय करील हे पहिल्यांदा कळतं ते खऱ्या अर्जावर.

यानंतर कल्याण-डोंबिवलीतलं एक प्रकरण, जे या सगळ्या मोजमापाची मर्यादा दाखवतं. रेरा कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण, महारेरा, १ मे २०१७ पासून सुरू झालं. घर घेणाऱ्याला बिल्डरने फसवू नये यासाठीच हा कायदा. प्रकल्पाची नोंदणी करताना बिल्डरने सीसीसह कागद ऑनलाइन द्यायचे, नोंदणी क्रमांक मिळाला की संकेतस्थळावर कोणालाही प्रकल्प पाहता यावा. नोकरदार माणसाने रेरा नंबर बघितला, बँकेनेही बघितला, गृहकर्ज झालं, लोक राहायला आले. २०२२ मध्ये उघड झालं की कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या पासष्ट इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवली होती. पालिकेने त्या परवानग्या कधी दिल्याच नव्हत्या. विशेष तपास पथक नेमलं गेलं, सक्तवसुली संचालनालयही तपासात उतरलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. हजारो कुटुंबं एका दिवसात बेघर होण्याच्या दारात येऊन उभी राहिली. त्यांच्या हप्त्यांत खंड पडला नव्हता, त्यांच्या कागदांत त्यांना दिसेल असा दोष नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी प्रामाणिक रहिवाशांच्या बाजूने मार्ग काढण्याचं आश्वासन दिलं.

या प्रकरणात संगणक कुठेही बंद पडला नाही. अर्ज आला, आवश्यक फाइल जोडलेली होती, पुढचा टप्पा उघडला. चित्रात जे बाण होते ते सगळे बरोबर चालले. त्या चित्रावर टेस्टरने शंभर टक्के कव्हरेज मोजलं असतं तरी ते खरंच ठरलं असतं. चुकलं होतं चित्रच. नोंदणीच्या वाटेवरून पालिकेकडे जाणारा बाण, ‘हे प्रमाणपत्र तुमचंच ना?’ असं विचारून उत्तर आणणारा बाण, त्यात बंधनकारक म्हणून काढलेलाच नव्हता. जो बाण काढलेला नाही तो कोरा दिसत नाही. तो दिसतच नाही.

२०२३ मध्ये हा बाण काढला गेला. उच्च न्यायालयाने नियोजन प्राधिकरणांची संकेतस्थळं महारेराशी जोडण्याचे निर्देश दिले. स्थानिक प्राधिकरणांनी ठरवून दिलेल्या अधिकृत ई-मेलवरून प्रमाणपत्राची खातरजमा झाल्यावरच नोंदणी पुढे न्यायची, अशी व्यवस्था महारेराने बसवली. पेशवाईतला कारकून ज्याला रुजू घालणं म्हणे, तेच काम हे. फरक इतकाच की आता ते दोन स्वतंत्र संस्थांच्या प्रणालींमध्ये व्हायचं आहे, आणि त्याची चाचणी एकट्या संस्थेला करता येत नाही. पालिकेने उत्तरच दिलं नाही तर? चुकीच्या पत्त्यावरून उत्तर आलं तर? सीसी दिली, पण नंतर रद्द केली तर? दोन्ही बाजूंची मंडळी एकत्र बसल्याशिवाय या वाटांची यादीच होत नाही.

चित्राबाहेरची आणखी एक गोष्ट आहे, आणि तिची किंमत जिवांनी मोजली गेली. ४ एप्रिल २०१३ ला ठाणे महापालिकेच्या हद्दीत शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली. खालच्या मजल्यांवर माणसं राहत होती. ७४ जणांचा जीव गेला. तिला परवानगी नव्हती. कल्याण-डोंबिवलीतल्या बेकायदा बांधकामांच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती अग्यार समितीने अशी ६७ हजारांहून अधिक बांधकामं मोजली होती. परवान्याची प्रणाली कितीही नीट तपासली तरी ती ज्या अर्जांनी आत पाऊल टाकलं त्यांच्यापुरतीच. ज्या इमारतीची नस्तीच उघडली नाही, तिच्यापर्यंत पोचायला दुसरी प्रक्रिया लागते: प्रभागातली पाहणी, तक्रारीची नोंद, नोटीस, सुनावणी, कारवाई. तिच्यातही फाटे आहेत, मुदती आहेत, आणि नोटिशीनंतर पुढे काहीच न होण्याची मौनाची वाटही आहे. परवानगी देणाऱ्या प्रणालीवर खर्च झाला, तिचं कौतुक झालं. बेकायदा बांधकाम थांबवणाऱ्या प्रक्रियेला तशीच प्रणाली, तशीच टेस्ट आणि तसंच मोजमाप हवं.

चित्र आणि वास्तव यांतलं अंतर मोजण्याची रीतही आता आहे. नेदरलँड्समधले विल व्हान डर आल्स्ट यांनी या शतकाच्या सुरुवातीपासून प्रोसेस मायनिंग नावाची शाखा वाढवली. प्रणालीत प्रत्येक टप्प्याची वेळेसह नोंद असते. त्या लाखो नोंदी एकत्र करून प्रकरणं खरोखर कोणत्या वाटांनी गेली ते काढायचं, आणि मग कागदावरच्या चित्राशी ताडायचं. चित्रात असून कधीच न वापरलेल्या वाटा सापडतात. चित्रात नसून सर्रास वापरलेल्याही सापडतात. टेस्टरने कोणत्या वाटा तपासायच्या त्याची यादी मग अंदाजाने न होता, लोकांच्या खऱ्या अर्जांवरून होते. २०१५ मध्ये या क्षेत्रातल्या वार्षिक स्पर्धेसाठी पाच डच नगरपालिकांनी बांधकाम परवान्यांच्या सुमारे चार वर्षांच्या नोंदी, माणसांची ओळख झाकून, जगभरच्या अभ्यासकांपुढे खुल्या केल्या. एकच कायदा, एकच प्रकारचा परवाना, आणि तरी पाच गावांत अर्जांच्या वाटा वेगवेगळ्या. हे मोजून सर्वांसमोर मांडायला त्या पालिकांना संकोच वाटला नाही.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पालिकांकडेही आता अशा नोंदी साठत आहेत. नावं झाकून त्या खुल्या झाल्या, तर दफ्तर तपासणीत अव्वल कारकून जे अनुभवाने ओळखे ते शहरातल्या कोणालाही पाहता येईल: किती अर्ज परत गेले, किती वेळा गेले, किती मुदत टळल्याने आपोआप मंजूर झाले, किती प्रमाणपत्रांची खातरजमा दुसऱ्या संस्थेकडून झाली आणि किती उत्तराविना अडकली. प्रणालीच्या ठेक्यात पालिका या वाटांच्या टेस्ट नावानिशी मागू शकते, आणि अहवालात टक्क्यांच्या आकड्याशेजारी न तपासलेल्या वाटांची यादी जोडायला लावू शकते. कल्याण-डोंबिवलीने नागरी सुविधा केंद्राचा नमुना एकदा राज्यापुढे ठेवला होता. पासष्ट इमारतींमधल्या कुटुंबांनी जे सोसलं त्यानंतर ही यादी जाहीर करण्यातही या पालिकेने पुढाकार घ्यावा.